रेक टाइप करताना

२०१४ ची शिवजयंती नुकतीच होऊन गेली होती. कर्वेनगरात आमच्या चौकातला मांडव अजून उतरवायचा होता, रस्त्यावर झेंडूच्या पाकळ्या तुडवून चिकटलेल्या, आणि मी नेहमीसारखी साडेनऊला ऑफिसात आले, टर्मिनल उघडलं, रेक टाइप केलं (ठरवून दिलेली कामं करून घेणारी एक कमांड), एंटर मारला. आमच्या टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतोय का ते तपासणारे छोटे प्रोग्राम, चालायला तेव्हा तीनेक मिनिटं लागायची, तेवढ्यात मी चहा घेऊन यायचे. परत आले तर शेजारी बसणारा मित्र खुर्ची वळवून माझी वाटच बघत होता. म्हणाला, "अगं, जिम वायरिक गेला."

"कुठे गेला?" मी विचारलं. खरंच तसंच विचारलं, कारण दुसरा अर्थ डोक्यात यायला जागाच नव्हती. मला वाटलं कंपनी बदलली असेल.

१९ फेब्रुवारीला गेला. अमेरिकेत सिनसिनाटी शहराच्या बाजूला राहायचा, सत्तावन्न वर्षांचा होता, ना कुठे आजारपणाची बातमी ना काही, आदल्या दिवसांपर्यंत कोड लिहिणं चालू होतं. माझे बाबा तेव्हा अठ्ठावन्नला टेकले होते, मे महिन्यात रिटायर होणार होते. मी कप टेबलावर ठेवला आणि पहिलं काय केलं तर बाहेर जिन्यात जाऊन सांगलीला फोन लावला आणि बीपीची गोळी घेतली का म्हणून विचारलं. त्यांना काही कळेना. "सकाळी सकाळी काय झालं तुला?" मी म्हटलं काही नाही, सहज. जागेवर परत आले तर स्क्रीनवर सगळ्या टेस्ट हिरव्या होऊन थांबल्या होत्या.

आता ज्यांचा आमच्या कामाशी संबंध नाही त्यांना सांगायला पाहिजे की जिम वायरिक कोण. रुबी नावाची एक प्रोग्रॅमिंगची भाषा आहे, जपानच्या युकिहिरो मात्सुमोतोंनी केलेली, आणि त्या भाषेत काम करणारे जगातले जेवढे म्हणून लोक आहेत ते रोज कळत नकळत जिमने लिहिलेलं काहीतरी वापरतात. रेक त्याचं. रुबीजेम्स, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड एका कमांडने आणून बसवायची सोय, ज्यांनी उभं केलं त्या पाचजणांत तो एक. एक्सएमएल (माहिती खुणा लावून मांडायची एक पद्धत) लिहायला बिल्डर नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आहे, रेल्स ही वेबसाइट बनवायची रुबीतली चौकट तिच्यावर अवलंबून आहे, तीही त्याचीच. ही यादी लांबवता येईल पण यादीने माणूस कळत नाही. मला तो कसा कळला ते सांगते.

कॉलेजात आम्हाला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवली आणि त्याबरोबर मेक आलं. मेक म्हणजे असं, की कोणती फाइल कशापासून बनते आणि कशाच्या आधी काय व्हायला हवं हे तुम्ही एका मेकफाइलमध्ये लिहून ठेवायचं, मग जे बदललंय तेवढंच ते परत बनवतं. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेलं, कल्पना इतकी पक्की की अजून चालतंय. पण त्यात एक खोच आहे. कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस दिल्या तर चालत नाही, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. "मिसिंग सेपरेटर, स्टॉप" एवढंच म्हणून ते थांबतं. मी सांगलीच्या आमच्या घरी माळ्यावरच्या खोलीत रात्री दोनपर्यंत त्या एका न दिसणाऱ्या टॅबपायी रडलेली आहे, आणि तेव्हा मला खात्री झाली होती की हे क्षेत्र माझं नाही. (फेल्डमन यांना ही अडचण लवकरच कळली होती म्हणतात, पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते, त्यांचं मोडू नये म्हणून बदललं नाही. डझनभर लोकांसाठी! मला याचा राग येत नाही, उलट फार माणुसकीचं वाटतं.)

मग नोकरी लागली, पुण्यात आले, रुबीवर टाकलं, आणि पहिल्याच आठवड्यात रेकफाइल बघितली. बघितली म्हणजे वाचता आली. मेकची तीच कल्पना, अमुक कामाआधी तमुक काम, पण त्यासाठी वेगळी भाषा नाही, टॅबचा धाक नाही, साधी रुबी. जी भाषा दिवसभर लिहिताय तीच इथेही लिहा. आणि प्रत्येक कामाच्या डोक्यावर एक ओळ, हे काम काय करतं ते माणसाच्या शब्दांत. मी कुणाला न विचारता त्यात एक नवीन काम घातलं आणि ते चाललं. ज्याला कोडमधलं काही पहिल्या झटक्यात चाललंय त्यालाच कळेल तेव्हा काय वाटतं ते.

हे कुणी लिहिलं म्हणून शोधायला गेले तेव्हा रेकबरोबर येणाऱ्या कागदपत्रांत जिमने स्वतः लिहिलेलं एक टिपण सापडलं. २००३ च्या सुमारास रेक कसं जन्मलं त्याची गोष्ट. सुरुवातीलाच तो सांगून टाकतो की हे लिहायचा माझा कधीच इरादा नव्हता, याचा उपयोग आहे असंही मला पटलेलं नाही, आणि कुणाला यात रस वाटेल असंही पटलेलं नाही. मी ते दोनदा वाचलं. तोवर मी समजत होते की असल्या गोष्टी लिहिणाऱ्या माणसांना पहिल्यापासून सगळं माहीत असतं, त्यांना कधी "हे काय करतोय मी" असं होत नाही. पुढे रेक रुबी १.९ पासून भाषेबरोबरच मिळायला लागलं, म्हणजे रुबी घेतली की रेक आलंच. पण ते टिपण त्याने काढलं नाही, मोठा झाल्यावर दुरुस्तही केलं नाही.

रुबीजेम्सचंही तसंच. आज जेम इन्स्टॉल म्हटलं की दोन सेकंदांत लायब्ररी येऊन बसते, त्याआधी लोक फाइल शोधायचे, उतरवायचे, हाताने बसवायचे, आणि तिला आणखी दुसरी लागते हे कळलं की परत तेच. २००३ च्या नोव्हेंबरात टेक्सासमधल्या ऑस्टिनला रुबीकॉन्फ, म्हणजे रुबीवाल्यांची परिषद, होती, तिथे जिम, चॅड फाउलर, रिच किल्मर, डेव्हिड ब्लॅक आणि पॉल ब्रॅनन हे पाचजण बसले आणि कॉन्फरन्समधल्या त्या दोन-चार दिवसांतच चालतं करून दाखवलं. मग १४ मार्च २००४ ला, पायच्या दिवशी, लोकांना दिलं. कॉन्फरन्सला जाऊन झोपेच्या वेळात कोड लिहीत बसलेली माणसं. मला ते चित्र फार आवडतं, आपल्याकडे गणपतीच्या आदल्या रात्री मखर पुरं करायला बसतात ना, तसं काहीसं वाटतं.

पण माझा खरा गुरू तो झाला कोआन्समुळे.

रुबी कोआन्स हे जिम आणि जो ओब्रायन यांनी केलं. कोआन म्हणजे झेन गुरू शिष्यापुढे टाकतो ते कोडं. तुम्हाला एक फोल्डर मिळतं, त्यात छोट्या छोट्या टेस्ट, आणि त्यात गाळलेल्या जागा. चालवलं की पहिलीच टेस्ट पडते. पडलीच पाहिजे, तशीच लिहिली आहे. मग स्क्रीनवर येतं की गुरू म्हणतात, तुला अजून ज्ञानप्राप्ती झालेली नाही, या या फाइलमधल्या या या ओळीवर चिंतन कर. तुम्ही ती ओळ उघडता, गाळलेली जागा भरता, परत चालवता, एक पाऊल पुढे. पुढची टेस्ट पडते. असं करत करत स्ट्रिंग, अॅरे, हॅश, ब्लॉक, क्लास, रुबीचे सगळे भाग. मध्येच त्रिकोण ओळखायचा एक छोटा प्रोग्राम लिहायचा, पुढे फाशांच्या खेळाचे गुण मोजायचा.

मी कॉट बेसिसवर राहायचे तेव्हा, एका खोलीत चौघी, दिवा अकराला बंद. मग लॅपटॉपचा ब्राइटनेस कमी करून भिंतीकडे तोंड करून रोज रात्री दहा-बारा कोआन. आणि एके दिवशी जाणवलं की अरे, मी किती वेळा चुकले याचा हिशोब इथे कुणी ठेवतच नाहीये. चुकणं हीच पायरी आहे. शाळेत आम्हाला पाटीवर बाई अक्षर काढून द्यायच्या आणि आम्ही ते गिरवायचो, शंभरदा, बाई शेजारी उभ्या नसल्या तरी त्यांचं अक्षर पाटीवर असायचं. कोआन्सचं तसं होतं. ज्याने ते मांडलं तो माणूस हजारो मैलांवर, त्याला माझं नाव माहीत नाही, पण मी कुठे अडखळणार हे त्याला आधीच माहीत होतं, आणि बरोबर तिथेच तो हात धरायला थांबला होता. निलवर आधी चुकवलं, मग सिम्बॉलवर चुकवलं, आणि दर वेळी चूक एवढीशीच, की झोपायच्या आत दुरुस्त होईल.

त्याच्या संकेतस्थळाचं नाव होतं वन स्टेप बॅक. एक पाऊल मागे. मी याचा अर्थ माझ्यापुरता लावलेला आहे. चालायला शिकणाऱ्या पोराच्या मागे आई एक पाऊल अंतर ठेवून चालते. फार जवळ असली तर पोर तिलाच धरतं, फार लांब असली तर पडतं.

मग त्याची भाषणं बघायला लागले, रेकॉर्डिंगवर. मोठ्या पोटाचा, पांढऱ्या होत चाललेल्या दाढीचा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस, आवाज शांत, घाई नाही. २०१२ च्या रुबीकॉन्फमध्ये त्याने वाय कॉम्बिनेटर, म्हणजे नाव नसलेल्या फंक्शनला स्वतःलाच परत बोलावता यावं यासाठीची युक्ती, शिकवला, जो विषय म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटतो, आणि तो सुरुवातीलाच सांगतो की याचा रोजच्या कामात उपयोग शून्य आहे, तरी चला बघू. आणि मग लाइव्ह टाइप करत, एकेक छोटा बदल, प्रत्येक बदलानंतर चालवून दाखवत, की बघा अजून चालतंय. शेवटाला पोचेपर्यंत तुम्हाला कळतही नाही की तुम्ही डोंगर चढलात.

पण मला सगळ्यात लागलं ते कनेसन्सवरचं. हा शब्द मूळचा मेलिर पेज-जोन्स यांचा, जिमने तो रुबीवाल्यांपुढे आणला. अर्थ असा, की कोडच्या दोन तुकड्यांपैकी एक बदलला की दुसरा बदलावाच लागत असेल तर ते दोघं एकमेकांत गुंतलेले आहेत. आता गुंता किती घट्ट हे मोजता येतं. दोघांना एकच नाव माहीत असावं लागतं, हा सगळ्यात सैल गुंता. क्रम माहीत असावा लागतो, की पहिली किंमत ही, दुसरी ती, हा जास्त घट्ट. याशिवाय अर्थाचा, अल्गोरिदमचा, अगदी वेळेचासुद्धा. आणि सल्ला काय, तर घट्ट असेल तो सैल करा, आणि कोडचे तुकडे जितके एकमेकांपासून लांब तितका गुंता सैलच ठेवा.

मला हे कळलं ते आईच्या मिसळणाच्या डब्यावरून. सात वाट्या, एकीवरही चिठ्ठी नाही, आईला न बघता माहीत की मधली मोहरी, तिच्या डावीकडे हळद. आई आणि डबा इतके जवळ की चालतं. पण आई दवाखान्यात होती तेव्हा काकू आल्या स्वयंपाकाला आणि धने पूड समजून जिरे पूड घातली, मग मीच सगळ्या वाट्यांवर चिकटपट्टीने नावं लावली. क्रमावर चालत होतं ते नावावर आणलं. अगदी हेच जिम सांगत होता.

आणि हा शब्द, कनेसन्स, त्याची फोड केली तर बरोबर जन्मलेलं. लॅटिनमधनं. माझ्या एकदम लक्षात आलं की आपल्याकडे हाच शब्द आहे, सहज. सह म्हणजे बरोबर, ज म्हणजे जन्मलेलं. सहज म्हणजे जे जन्माबरोबरच आलंय, म्हणून जे आपोआप होतं. आपण रोज म्हणतो सहज आले, सहज विचारलं, आणि त्यात हे एवढं दडलेलं असतं. हे मला त्याला सांगायचं होतं. मनात होतं की कधीतरी लिहीन, दोनच ओळी, की तुमच्या या कठीण शब्दाला आमच्या मराठीत एक रोजचा शब्द आहे, आणि तुम्हाला ऐकायला आवडेल. त्याला शब्दांची आवड होती हे भाषणातून कळायचं. पण इंग्रजी नीट जमवून मग लिहू, एखादं चांगलं काम झालं की मग लिहू, असं करत राहिलं. दीड वर्ष तरी राहिलं असेल.

त्या सकाळी मित्राने मला जिमचं शेवटचं कमिट, म्हणजे कोडमध्ये त्याने नोंदवलेला शेवटचा बदल, उघडून दाखवलं. विनकम्प्लीट नावाचा त्याचा एक छोटासा प्रकल्प, त्यातला किरकोळ बदल. आणि त्या बदलाच्या खाली जगभरातले लोक येऊन निरोप लिहीत होते. आम्ही बघत होतो तोवर वाढत होते. आमच्या गावाकडे कुणी गेलं की माणसं ओट्यावर येऊन बसतात, फार बोलत नाहीत, एखादा म्हणतो माझ्या पोरीच्या लग्नात रात्रभर पंगतीत वाढत होते, दुसरा काही म्हणतो, मग सगळे गप्प. तिथे तसंच चाललं होतं. कुणी लिहिलं होतं की मी नवखा होतो तेव्हा तुम्ही माझ्याशी बोललात. कुणी नुसतंच थँक्यू जिम. बहुतेकांच्या बोलण्यात रेक नंतर आणि हे आधी, की हा माणूस ओळख नसताना आपल्या शेजारी बसला, आपलं ऐकलं. शेकडो लोक, आणि ज्याला सांगायचं तो वाचायला नाही. मीही टाइप करायला घेतलं होतं. सहजवालं. मग खोडलं. ते त्याच्यासाठी होतं, तिथे ठेवून काय करणार.

दिवसभर मी काम केलं, म्हणजे रेक टाइप करतच होते. रेक टेस्ट, रेक डीबी मायग्रेट. दर वेळी बोटं थबकायची. पुढे २०१६ मध्ये रेल्स ५ आलं आणि त्यातल्या बऱ्याच कमांड रेल्स म्हणून देता यायला लागल्या, सगळ्यांना सोयीचं झालं. माझी बोटं अजून रेकच टाइप करतात.

महिन्याभराने, मार्चमध्ये, रुबीकॉन्फ इंडिया गोव्यात होती. आम्ही पुण्याहून चौघं रात्रीच्या बसने गेलो. संध्याकाळी समुद्रावर बसलो होतो, भरती चालू होती, आणि आमच्यातला एकजण म्हणाला, आपण तर त्याला कधी भेटलोही नाही, मग एवढं का लागलंय आपल्याला? कुणी काही बोललं नाही बराच वेळ. मला जे सुचलं ते मी तेव्हा नीट सांगू शकले नाही, आता सांगते. मी फंक्शनला नाव देताना थांबते, दोन नावांत कुठलं हे ठरवते, तेव्हा त्या ठरवण्यात तो असतो. टेस्ट आधी लिहिते, ती पडलेली बघते, मगच पुढे जाते, ते पडलेलं बघायची माझी जी धीराची सवय आहे ती त्याची आहे. माझ्या आजीची पोळी लाटायची पद्धत माझ्या हातात आहे तशी. एवढ्या लांबच्या दोन तुकड्यांत इतका घट्ट गुंता असू नये हे त्यानेच शिकवलं होतं, आणि त्याच्या बाबतीत तेच झालं होतं.

मला त्या एका फोनबद्दलही कधीकधी वाटतं, जिन्यातल्या. बाबा रिटायर झाले, आता रोज सकाळी आमराईत फिरायला जातात, तब्येत चांगली आहे. त्यांनी मला सायकल शिकवली तेव्हा मागचं कॅरिअर धरून पळायचे आणि कधी सोडलं ते कळू दिलं नव्हतं. ते मात्र मी त्यांना सांगून टाकलं, त्याच वर्षी, मे महिन्यात, निरोप समारंभाला सगळ्यांसमोर. बाबांनी मान खाली घातली आणि उपरण्याचं टोक चाळवत बसले.

गेल्या वर्षी आमच्या टीममध्ये लातूरचा एक मुलगा आला, नुकताच बीई झालेला, हुशार पण फार दबून. पहिल्या दिवशी मी त्याला कोआन्स दिले. म्हटलं रोज थोडे कर, चुकलास तर चुकू दे, मला दाखवायची गरज नाही, अडलास तर ये. आठवडाभर आला नाही. मग एका दुपारी लॅपटॉप घेऊनच आला. कोआन्स झाले होते, आणि तो आपणहून रेकचा मूळ कोड वाचायला लागला होता, एका डिपेन्डन्सीच्या ठिकाणी अडला होता. स्क्रीनवर रेकची लेखकांची यादी उघडी होती. त्यात तीन नावं आहेत, हिरोशी शिबाता, एरिक होडेल आणि जिम वायरिक. जिमनंतर आधी एरिकने आणि मग हिरोशींनी रेक सांभाळलं, पण त्याचं नाव कुणी काढलं नाही, लायसन्सच्या फाइलमध्येही कॉपीराइट जिम वायरिक असंच आहे. आपल्याकडे लग्नपत्रिकेत गेलेल्या माणसाच्या नावाआधी कै. लावतात, वाचणाऱ्याला लगेच कळतं. या यादीत तसलं काही नसतं. तिघांची नावं एका ओळीत, सारखीच.

त्या मुलाने त्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मॅम, कोआन्समध्ये पण हेच होते. यांना मेल करून विचारू का?"

मी खुर्ची सरकवून त्याला बसायला जागा केली. म्हटलं, "आधी मला विचार. येत असेल तर सांगते."